थुंकी, रक्त आणि एक्झोसोम : क्षयरोगनिदानाच्या खुणांचा इतिहास

प्रास्ताविक

सुरत शहराच्या उत्तरेस, तापी ओलांडून अमरोलीच्या पुढे गेले की कोसाड लागते. मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावरचे हे एक लहानसे स्थानक. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली, तेव्हा कोसाड शहरात आले. पुढे शहरातल्या झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी येथे मोठी आवास वसाहत उभी राहिली. सुरतेच्या कामगारवस्त्यांचे जीवन यंत्रमाग, भरतकाम, हिरे घासणे आणि बांधकाम यांवर चालते. या वस्त्यांत गुजराती, उर्दू, हिंदी आणि उडियाच्या बरोबरीने मराठीही कानी पडते. उधना–जळगाव लोहमार्गाने खानदेशातून पोटासाठी आलेल्या माणसांची ती भाषा आहे.

अशा वस्तीत एखाद्याचा खोकला दोन आठवडे हटला नाही, संध्याकाळी अंगात कणकण राहू लागली, वजन उतरू लागले, की घरात एकच प्रश्न उभा राहतो : टीबी तर नसेल ना? उत्तर ‘हो’ आले तर किमान सहा महिन्यांची औषधे, बुडालेली रोजी, शेजाऱ्यांच्या नजरा आणि घरात उपवर मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चिंता. उत्तर चुकून ‘नाही’ आले तर रोग आत वाढतो आणि एका खोलीत झोपणाऱ्या मुलांपर्यंत पोचतो. उत्तर चुकून ‘हो’ आले तर ज्याला रोगच नाही त्याच्या पोटात महिनोन्‌महिने तीव्र औषधे जातात आणि खरा आजार मात्र बिनउपचार राहतो.

प्रस्तुत निबंधात या एका प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास पाहावयाचा आहे. वैद्यकाने हे उत्तर नेहमी कोणत्या ना कोणत्या खुणेवरून दिले. अशा खुणेला आज बायोमार्कर, म्हणजे जैवखूण म्हणतात. या खुणा दोन जातींच्या आहेत. काही खुणा रोगजंतूच्या स्वतःच्या असतात, तर काही शरीराने त्या जंतूला दिलेल्या प्रतिसादाच्या असतात. या दोन जातींतला फरक विसरला गेला तेव्हा त्याची किंमत गरीब रुग्णांनी मोजली. आज रक्तातल्या एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पुटिकांकडून क्षयरोगाचे निदान करता येईल, अशी आशा व्यक्त होत आहे. त्या आशेचे मोल ठरवताना मागचा हिशेब विसरता येणार नाही, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

जंतू दिसण्यापूर्वी

क्षयरोगाची जुनी नावे पाहिली तरी निदान कशावरून होत होते ते कळते. आयुर्वेदाने त्याला राजयक्ष्मा म्हटले, मराठीत तो क्षय झाला. शरीर झिजत जाणे हीच त्याची ओळख होती. युनानी परंपरेत सिल आणि दिक ही नावे आली आणि उर्दूत तपेदिक रूढ झाले. त्यातील ‘तप’ म्हणजे ताप. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ‘अल्‌-कानून’ या ग्रंथात फुप्फुसाच्या क्षयाची गणना एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांत केली होती. हे निरीक्षण मोलाचे होते; परंतु रोग नेमका कशाने जातो हे दाखविण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते. खोकला, ताप, रक्ताची गुळणी आणि झिजणारे शरीर या खुणा अनेक रोगांत दिसतात. त्यामुळे वैद्याचे निदान बहुधा उशिरा होई आणि कित्येकदा चुकत असे.

१८८२ : जंतूची साक्ष

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सभेसमोर मांडला. त्यांनी रोग्याच्या ऊतीतील जंतू रंगवून दाखवला, तो शरीराबाहेर वाढवला आणि त्यापासून प्राण्यांत पुन्हा रोग निर्माण करून दाखवला. त्यानंतर लगेचच झील आणि नीलसन यांनी रंगविण्याची पद्धत सुधारली. या पद्धतीत लाल रंग दिलेला क्षयजंतू आम्लाने धुतला तरी रंग सोडत नाही. आजही आपल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञ अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला ‘झील–नीलसन’ हे नाव पहिल्या सत्रातच भेटते.

या तपासणीचे बळ तिच्या साधेपणात आहे. एक सूक्ष्मदर्शक, काचेची पट्टी, तीन द्रावणे आणि शिकलेली नजर एवढे पुरते. लाल काडी दिसली की रोग बहुधा आहेच, कारण ही जंतूची स्वतःची खूण आहे. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हाच ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडण्याची शक्यता असते. लहान मूल बेडका काढू शकत नाही, ते तो गिळून टाकते. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या थुंकीत जंतू अनेकदा तुरळक असतात. रोग मानेच्या गाठीत, मणक्यात, मेंदूच्या आवरणात किंवा गर्भाशयात असेल तर थुंकीत काहीच येत नाही. घरातल्या माणसांसमोर खोकून बेडका काढणे अनेक स्त्रियांना संकोचाचे वाटते आणि मग त्या डबीत नुसती लाळ देतात. म्हणजे ही तपासणी ज्यांना सर्वांत कमी उपयोगी पडते, त्यांत दुर्बळांचीच संख्या जास्त आहे.

शरीराची साक्ष : ट्यूबरक्युलिन, क्ष-किरण आणि रक्त

१८९० साली कॉख यांनी ट्यूबरक्युलिन हे द्रव्य क्षयावरील उपाय म्हणून जाहीर केले. रोगी युरोपभरातून बर्लिनकडे धावले. उपाय म्हणून ते द्रव्य फसले आणि काही रुग्णांची प्रकृती अधिकच बिघडली. मात्र या फसलेल्या औषधातून एक चाचणी जन्माला आली. १९०७ मध्ये फॉन पिरके यांनी आणि १९०८ मध्ये शार्ल मांतू यांनी ट्यूबरक्युलिन त्वचेत देऊन उठणारी गाठ मोजण्याची पद्धत बसवली. मांतू चाचणी शरीराच्या स्मरणशक्तीची साक्ष देते. जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढेच ती सांगते. तो आज रोग करीत आहे काय, हे सांगत नाही.

भारतासारख्या देशात हा फरक फार मोठा ठरतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के व्यक्तींना क्षयजंतूचा संसर्ग झालेला होता. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. संसर्ग म्हणजेच रोग असे मानले तर देशातील जवळजवळ प्रत्येक तिसरा प्रौढ रोगी ठरेल.

१८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि छातीच्या आतली सावली दिसू लागली. ही चाचणी पुष्कळ रुग्ण पकडते. वरील सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण क्ष-किरण तपासणी नसती तर हातून सुटले असते. तथापि, सावली क्षयाचीच आहे की जुन्या व्रणाची, न्यूमोनियाची की कर्करोगाची, हे एकट्या क्ष-किरणाने ठरत नाही.

रक्ताची आशाही जुनीच आहे. १८९८ मध्ये फ्रान्समधील आर्लोइंग यांनी क्षयरोग्याच्या रक्तरसात जंतूंचे पुंजके होतात काय, हे पाहण्याची चाचणी मांडली होती. म्हणजे ‘रक्ताच्या थेंबावरून टीबी’ ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. या सर्व काळात तिची भूल कधीच पूर्ण उतरली नाही, कारण रक्त लहान मुलाचेही घेता येते, स्त्रीचेही घेता येते आणि गाठीच्या क्षयाच्या रुग्णाचेही घेता येते.

भारतीय अनुभव

स्वातंत्र्योत्तर भारताने क्षयरोगाच्या बाबतीत जगाला दोन मोठे धडे दिले. पहिला मद्रासचा. १९५६ साली तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. घरी राहून औषध घेणारा गरीब रुग्ण सॅनेटोरियममधील रुग्णाइतकाच बरा होतो, हे तेथील अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले. दुसरा धडा बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचा, जी १९५९ मध्ये स्थापन झाली. बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील रुग्णांची पाहणी करून १९६३ मध्ये असे दाखवले की, बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि सुमारे निम्मे जण आरोग्यकेंद्रापर्यंत जाऊनही आले होते. त्यांना तेथे खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली, तपासणी झाली नाही. रुग्ण अडाणी असल्यामुळे येत नाहीत, हा समज या पाहणीने खोटा ठरवला.

१९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात थुंकीची तपासणी केंद्रस्थानी आली. १९९३ मध्ये सुधारित कार्यक्रमाची चाचणी ज्या मोजक्या ठिकाणी सुरू झाली त्यांत मुंबईबरोबर गुजरातमधील मेहसाणा होते. १९९७ पासून तो देशभर पसरू लागला आणि मार्च २००६ पर्यंत त्याने संपूर्ण देश व्यापला. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होती. परंतु खोकणारा कामगार प्रथम गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडे जात असे, कारण तेथे संध्याकाळी सातनंतरही दार उघडे असे आणि रोजी बुडत नसे. त्या दारात त्याची गाठ रक्ताच्या तपासणीशी पडली.

सुरत १९९४ : एका साथीचा धडा

क्षयाकडे परत येण्यापूर्वी सुरतेच्याच एका घटनेकडे पाहणे आवश्यक आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पुढच्या महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. रेल्वेचे डबे आणि बसगाड्या भरभरून गेल्या, खानदेशातले कामगार गावाकडे परतले, माग थांबले. देशाच्या निर्यातीला आणि प्रवासी वाहतुकीला मोठा फटका बसला.

या घबराटीच्या मुळाशी निदानाचा प्रश्न होता. देशभरात ६९३ संशयितांच्या रक्तात प्लेगविरोधी प्रतिद्रव्ये, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या अँटीबॉडी, आढळल्याचे नोंदवले गेले. मृत्यूंची नोंद ५६ होती. मात्र जंतू प्रत्यक्ष वाढवून दाखवण्याचे काम मागे राहिले. त्यामुळे हा प्लेग आहे की मेलिओइडोसिससारखा दुसरा आजार, असा वाद तज्ज्ञांत कितीतरी काळ चालला. प्रा. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला. २००० साली हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी जंतूच्या जनुकीय तपासणीवरून तो प्लेगचाच जंतू असल्याचे मांडले. म्हणजे शहर रिकामे झाले ते काही दिवसांत, आणि जंतूची पक्की ओळख पटायला काही वर्षे गेली. शरीराच्या प्रतिसादाची खूण इशारा देऊ शकते, पण निकाल देण्यासाठी जंतूची साक्ष हवी, हा सुरतेचा धडा होता.

रक्ततपासणीचा बाजार आणि २०१२ ची बंदी

क्षयाच्या बाबतीत हा धडा पाळला गेला नाही. १९९० नंतरच्या दोन दशकांत प्रतिद्रव्ये शोधणाऱ्या एलायझा आणि झटपट पट्टी-चाचण्या देशातील खाजगी प्रयोगशाळांत सर्वत्र पसरल्या. रक्त द्यायचे, दुसऱ्या दिवशी कागद मिळायचा, त्यावर आकडा असायचा आणि आकड्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले असायचे. थुंकीच्या काचपट्टीपेक्षा हा कागद अधिक आधुनिक दिसे. भारतात दरवर्षी अशा सुमारे पंधरा लाख चाचण्या होत असाव्यात, असा एक अंदाज होता. त्याचे पैसे रुग्णांच्या खिशातून जात होते.

या चाचण्यांचा दोष यंत्रात नव्हता, तो खुणेत होता. क्षयजंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये जुन्या संसर्गामुळे असू शकतात, बीसीजी लसीमुळे किंवा मातीतल्या निरुपद्रवी चुलत-जंतूंमुळेही असू शकतात. उलट ज्याचा रोग जोरात आहे आणि शरीर खंगले आहे, त्याच्या रक्तात ती कमी असू शकतात. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने बाजारातील १९ झटपट चाचण्या तपासल्या गेल्या. त्यांतील एकही थुंकीच्या तपासणीची जागा घेण्याच्या योग्यतेची आढळली नाही. २०११ मध्ये डाउडी, स्टाइनगार्ट आणि पै यांनी भारतासाठी गणिती प्रतिमान मांडले. पंधरा लाख संशयितांना सूक्ष्मदर्शकाऐवजी रक्ताची ही तपासणी लावली तर सुमारे १४ हजार रुग्ण अधिक सापडतील, पण त्याबरोबर रोग नसलेल्या सुमारे १ लाख २१ हजार व्यक्ती रोगी ठरतील, असे त्यांचे गणित होते.

जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९४ अभ्यासांच्या आधारे या चाचण्या वापरू नयेत, अशी शिफारस केली. एखादी चाचणी वापरू नका, असे क्षयरोगाच्या बाबतीत त्या संघटनेने प्रथमच इतक्या स्पष्टपणे सांगितले. जून २०१२ मध्ये भारत सरकारने या चाचण्यांचे उत्पादन, विक्री, वितरण आणि आयात यांवर बंदी घातली. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाला कळवणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले होते.

ही बंदी भारतीय सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधांना स्थान असते, मागे घेतलेल्या गोष्टींना क्वचितच असते. ज्या माणसांनी त्या कागदावर विश्वास ठेवून औषधे घेतली, किंवा त्या कागदामुळे औषधे घेतली नाहीत, त्यांची मोजदाद कोठेच झालेली नाही.

बंदीनंतर जी जागा मोकळी झाली ती जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रांनी भरण्यास सुरुवात केली. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली जीनएक्सपर्ट चाचणी आपल्याकडे सीबीनॅट या नावाने ओळखली जाते. सुमारे दोन तासांत ती जंतू आणि रिफाम्पिसिन औषधाला असलेला त्याचा प्रतिरोध, दोन्ही सांगते. गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट चाचणी २०२० मध्ये जागतिक शिफारशीत आली. या चाचण्या जंतूच्या स्वतःच्या खुणेवर उभ्या आहेत. तरीही त्यांचा मुख्य आधार थुंकीच आहे, आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही त्या दाखवीत असल्यामुळे उपचार लागू पडतो आहे काय, हे पाहण्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही. थुंकी न देऊ शकणारे मूल आणि उपचाराची प्रगती, हे दोन प्रश्न शिल्लक राहिले.

एक्झोसोम : कचऱ्याच्या पिशवीपासून संदेशवाहकापर्यंत

एक्झोसोमचा शोध क्षयरोगाच्या शोधातून लागलेला नाही. १९८३ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे रोझ जॉन्स्टोन यांचा गट आणि अमेरिकेतील सेंट लुई येथे फिलिप स्टाल यांचा गट एकाच प्रश्नावर स्वतंत्रपणे काम करीत होता. कोवळी लाल रक्तपेशी पक्व होताना आपल्या आवरणावरील एक प्रथिन टाकून देते. ते जाते कोठे? दोन्ही गटांना आढळले की पेशीच्या आत एका मोठ्या पोकळीत अनेक चिमुकल्या पुटिका तयार होतात. ती पोकळी पेशीच्या आवरणाला मिळते आणि पुटिका बाहेर पडतात. १९८७ मध्ये जॉन्स्टोन यांनी त्यांना एक्झोसोम हे नाव रूढ केले. पुष्कळ काळ पेशीचा केर बाहेर टाकण्याची पिशवी याहून अधिक महत्त्व त्यांना मिळाले नाही.

१९९६ मध्ये हे चित्र बदलले. रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की प्रतिकारशक्तीच्या बी पेशींनी सोडलेले एक्झोसोम टी पेशींना चेतवू शकतात. २००७ मध्ये स्वीडनमधील वालादी आणि लोटवाल यांच्या गटाने त्यांच्यात आरएनए असल्याचे आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामी येत असल्याचे मांडले. केराची पिशवी आता टपालाची पिशवी ठरली. एक्झोसोमचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो. क्षयजंतूची लांबी दोन ते चार हजार नॅनोमीटर भरते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतो, पण ही पुटिका साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही.

क्षयरोगाशी त्यांचा संबंध येतो तो महाभक्षक पेशींमुळे. या पेशी फुप्फुसात शिरलेला क्षयजंतू गिळतात, पण त्याला नेहमी मारू शकत नाहीत. जंतू त्यांच्या आतच घर करतो. अशा पेशीने सोडलेल्या एक्झोसोममध्ये जंतूच्या प्रथिनांचे आणि आवरणातील मेदद्रव्यांचे तुकडे जातात. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात जेफ्री शोरी यांच्या गटातील संचिता भटनागर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की, संसर्ग झालेल्या महाभक्षक पेशींचे एक्झोसोम इतर पेशींत दाह निर्माण करतात. येथून पुढचा प्रश्न सरळ होता. असे एक्झोसोम रक्तात येत असतील, तर रक्ताच्या नमुन्यातून जंतूचा तुकडा सापडेल काय?

पूर्वीच्या रक्ततपासणीपेक्षा येथे मूलभूत फरक आहे. प्रतिद्रव्य हे शरीराने दिलेले उत्तर होते. एक्झोसोममधील जंतूचे प्रथिन ही जंतूचीच वस्तू आहे, फक्त ती शरीराच्या पिशवीत बांधून आलेली आहे. पिशवीच्या आवरणामुळे ती रक्तात लवकर नष्ट होत नाही. शिवाय रोग फुप्फुसात असो, गाठीत असो वा मणक्यात, पिशवी रक्तात येऊ शकते. प्रौढाच्या डबीतल्या बेडक्यावर अवलंबून राहण्याची गरज उरणार नाही, अशी ही कल्पना आहे.

आजवरचा पुरावा

२०१४ मध्ये क्रू-गार्सिया, डोबोस आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातील एक्झोसोममध्ये क्षयजंतूच्या अनेक प्रथिनांचे तुकडे वस्तुमान-मापनाच्या अचूक पद्धतीने शोधून काढले. त्याच अभ्यासात सुप्त संसर्ग असलेल्या, म्हणजे आजारी नसलेल्या व्यक्तींच्या एक्झोसोममध्येही असे तुकडे आढळले. २०२२ मध्ये टुलेन विद्यापीठातील टोनी हू यांच्या गटाने मुलांच्या रक्तातील पुटिकांच्या पृष्ठभागावरील लॅम आणि एलपीआरजी ही जंतूची दोन द्रव्ये एकाच वेळी ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत एचआयव्हीबाधित मुलांचाही समावेश होता आणि उपचारानंतर खूण कमी होते काय, हेही पाहिले गेले. थुंकी देऊ न शकणाऱ्या बालकांसाठी ही दिशा महत्त्वाची आहे.

अडचणी मात्र अनेक आहेत. एक मिलिलिटर रक्तात निरनिराळ्या पेशींनी सोडलेल्या अब्जावधी पुटिका असतात. त्यांत संसर्गग्रस्त पेशीच्या पुटिका अत्यल्प. त्या वेगळ्या करण्याची रूढ पद्धत म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट बलाने नमुना फिरवणे. त्यासाठी लागणारे यंत्र जिल्हा रुग्णालयातही नसते. पद्धत बदलली की हाती लागणाऱ्या पुटिका बदलतात, त्यामुळे एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीत जुळत नाही. याच कारणाने या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि २०२३ मध्ये अभ्यासाचे किमान निकष प्रसिद्ध केले. आणखी एक गुंता असा की, क्षयजंतू स्वतःही पुटिका सोडतो, हे २०११ मध्ये सिद्ध झाले आहे. मग सापडलेला तुकडा पेशीच्या पिशवीतला की जंतूच्या, हा प्रश्न उरतो. सर्वांत मोठा प्रश्न सुप्त संसर्गाचा आहे. जंतूची खूण सापडली तरी ‘जंतू आहे’ आणि ‘रोग आहे’ ही दोन विधाने वेगळी आहेत. मांतू चाचणीची जुनी अडचण येथे नव्या रूपात परत येते.

आजवर जागतिक आरोग्य संघटनेने एक्झोसोमवर आधारलेल्या कोणत्याही क्षयरोग चाचणीची शिफारस केलेली नाही.

कसोटी कोणती?

२०१४ मध्ये त्याच संघटनेने थुंकीखेरीज अन्य नमुन्यावरील चाचणीसाठी किमान अपेक्षा मांडली. अशा चाचणीने एकूण प्रौढ रुग्णांपैकी किमान ६५ टक्के रुग्ण ओळखावेत आणि रोग नसलेल्यांपैकी ९८ टक्क्यांना रोग नाही असेच सांगावे. पहिल्या गुणाला संवेदनशीलता आणि दुसऱ्याला विशिष्टता म्हणतात. दुसऱ्या आकड्यावर एवढा भर का, हे वर्गात एका साध्या गणिताने समजावता येते.

समजा, खोकला असलेल्या एक हजार व्यक्ती आल्या आणि त्यांपैकी १०० जणांना खरोखर क्षय आहे. ६५ टक्के संवेदनशीलतेची चाचणी ६५ जणांना पकडेल. विशिष्टता ९८ टक्के असेल तर उरलेल्या ९०० पैकी १८ जण चुकीने रोगी ठरतील. विशिष्टता ८० टक्क्यांवर आली तर हीच संख्या १८० होईल. तेव्हा ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेल्या २४५ कागदांपैकी १८० कागद खोटे असतील. शंभरात ऐंशी वेळा बरोबर असलेली चाचणी ऐकायला चांगली वाटते, पण वस्तीत ती खऱ्या रुग्णाच्या जवळजवळ तिप्पट माणसांना खोटे रुग्ण बनवते.

समारोप

कॉख यांच्या काचपट्टीपासून एक्झोसोमपर्यंतच्या या प्रवासात एक सूत्र दिसते. प्रत्येक नवी खूण मोठ्या आशेने आली. ज्या खुणेचा अर्थ आधी नीट तपासला गेला ती टिकली, आणि जी अर्थ न तपासता बाजारात गेली तिने नुकसान केले. ट्यूबरक्युलिन उपाय म्हणून फसले, पण चाचणी म्हणून त्याला योग्य जागा मिळाली, कारण त्याची मर्यादा मान्य केली गेली. प्रतिद्रव्यांच्या चाचण्यांची मर्यादा मान्य व्हायला मात्र दोन दशके आणि सरकारी बंदी लागली.

एक्झोसोम ही खूण जातीने अधिक चांगली आहे, असे आजच्या पुराव्यावरून म्हणता येते. ती जंतूची वस्तू घेऊन येते. लहान मुलांसाठी आणि उपचाराच्या देखरेखीसाठी तिची गरजही खरी आहे. परंतु गरज खरी असली म्हणून पुरावा पुरा होत नाही. उद्या एखाद्या प्रयोगशाळेच्या फलकावर ‘एक्झोसोमद्वारे टीबी निदान’ असे शब्द झळकले, तर कोसाडच्या गल्लीतल्या माणसाला त्यातले काय कळणार? तो विचारील ते आपल्या शेजारच्या तंत्रज्ञ मुलाला, परिचारिकेला, शाळेतल्या शिक्षकाला. ही मुले आपल्याच वर्गांतून बाहेर पडतात.

म्हणून अध्यापकांपुढचे काम मर्यादित पण निश्चित आहे. तंत्रज्ञ वा परिचर्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला झील–नीलसनचे रंग शिकवताना २०१२ ची बंदीही शिकवावी. कोणतीही चाचणी समोर आली तर त्याने तीन प्रश्न विचारावेत : ही खूण कोणाची, जंतूची की शरीराची? ती संसर्ग सांगते की रोग? रोग नसलेल्या किती जणांना ती रोगी ठरवते? २०१९–२१ च्या सर्वेक्षणात लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कोठेही उपचारासाठी गेलेलेच नव्हते. जे दारापर्यंत येतात त्यांना खरे उत्तर मिळावे, एवढा तरी त्यांचा हक्क आहे. तुमकूरच्या रुग्णाला खोकल्याची बाटली मिळाली, पुढच्या पिढीतल्या रुग्णाला चुकीचा कागद मिळाला. तिसऱ्या पिढीला काय मिळते, ते काही अंशी आपण वर्गात काय शिकवतो यावरही ठरणार आहे.